तराफ्याच्या पोटाला पट्टी

मालेगाव हे मागांचे गाव. बोटीशी त्याची गाठ पडते ती पुरात. ऑगस्ट २०२४ मध्ये गिरणेचे पाणी एकाएकी चढले, मासे धरायला पात्रात उतरलेले पंधराएक जण मध्येच अडकले आणि शेवटी हवाई दलाच्या हेलिकॉप्टरने त्यांना उचलावे लागले. अशा वेळी बोट हवी, ती वेगवान हवी, भरपूर माणसे घेणारी हवी आणि उलटता कामा नये, एवढे कोणीही सांगेल. या गोष्टी एकाच बोटीत सहसा मिळत नाहीत, ही अडचण बोट बांधणाऱ्याला आधी कळते आणि बसणाऱ्याला नंतर.

नदीचे पाणी चार दिवसांचे, धरणाचे बारमाही. मालेगावच्या वरच्या अंगाला गिरणेवर चणकापूर आहे, मोसमवर हरणबारी. खालच्या अंगाला नांदगाव तालुक्यात १९६९ साली पूर्ण झालेले गिरणा धरण आहे, ज्याचा उपयुक्त साठाच साडेअठरा टीएमसीच्या घरात जातो. नाशिकला गंगापूर धरणाच्या काठी पर्यटन विकास महामंडळाचा बोट क्लब आहे. साताऱ्याकडे कोयनेच्या शिवसागरावर तापोळा-बामणोलीची माणसे आणि त्यांच्या दुचाक्या तराफ्यावरून पलीकडे जातात. सोलापूर-पुण्याच्या सीमेवर उजनीच्या फुगवट्यात गावागावांमधली होडी हीच एसटी. महाराष्ट्रातला नौकानयनाचा विचार अजून किनारपट्टीभोवती घुटमळत असला, तरी गेल्या साठ-सत्तर वर्षांत आपण घाटमाथ्यावर मोठमोठे तलाव तयार करून ठेवले आहेत. तिथे लाटा लहान, वारा लहरी आणि प्रवासी बहुधा पोहता न येणारे. अशा पाण्याला दोन बंद नळकांड्यांवर सपाट माच टाकलेली बोट, म्हणजे पाँटून बोट, साहजिकच सोयीची वाटते.

या बोटींबद्दल एक प्रश्न बरीच वर्षे चर्चेत आहे. त्यांच्या नळकांड्यांच्या पोटाला लांबच लांब तिकोनी पट्ट्या जोडल्या तर बोट पाण्यातून वर उचलली जाते आणि वेग वाढतो, असे सांगितले जाते. या पट्ट्यांना स्ट्रेक म्हणतात. त्या खरोखर किती कामाच्या, कोणत्या बोटीला, कोणत्या वेगाला, आणि आपल्या धरणांवर त्यांचा काही उपयोग आहे का, याचा हा आढावा.

पिंपांपासून नळकांड्यांपर्यंत

एकापेक्षा जास्त तरंगत्या अंगांवर बोट तोलणे ही कल्पना आपल्याकडे जुनी आहे. कोकणात अरुंद होडीला बाजूला उलांडी बांधतात. होडी पातळ राहते, म्हणून पाणी सहज कापते, आणि तोल उलांडी सांभाळते. धरणांवरचे मच्छीमार थर्माकोलचे ठोकळे बांधून किंवा ट्रकच्या ट्यूबवर फळी टाकून जाळे लावतात. सांगली-कोल्हापूरकडे पुरात गुळाची काईलसुद्धा पाण्यात उतरते.

आज ज्याला पाँटून बोट म्हणतात तिचा जन्म मात्र अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातला. १९५२ साली अॅम्ब्रोज वीरेस यांनी लोखंडी पिंपे एकापुढे एक जोडून दोन रांगा केल्या आणि त्यांवर लाकडी माच ठोकला. त्या राज्यात तळी हजारोंनी, आणि लोकांना हवी होती ती कुटुंबासह निवांत फिरायची जागा. पुढे पिंपांच्या जागी अॅल्युमिनियमची नळकांडी आली, त्यांच्या आत हवाबंद कप्पे झाले, पुढची टोके निमुळती झाली. एक कप्पा फुटला तरी बोट बुडत नाही, सगळे जण एका बाजूला धावले तरी ती सहसा कलंडत नाही, उथळ काठाला लागते. हे गुण इतके भरीव होते की तिच्या संथपणाबद्दल बरीच वर्षे कोणी तक्रार केली नाही.

तक्रार सुरू झाली ती इंजिने मोठी झाल्यावर. मागे टांगायच्या आउटबोर्ड इंजिनाची ताकद वाढली, लोकांना त्याच बोटीमागे दोरी धरून पाण्यावर घसरायचे होते, आणि मग कळले की इंजिन दुप्पट केले तरी वेग दुप्पट होत नाही. तेव्हा बांधणाऱ्यांनी दुसऱ्या जातीच्या बोटींकडे पाहिले. १९५० च्या दशकात रे हंट या अमेरिकी रचनाकाराने खोल इंग्रजी व्ही आकाराच्या तळाच्या बोटी काढल्या होत्या आणि त्या तळावर लांबीच्या दिशेने पट्ट्या बसवल्या होत्या. त्याच आराखड्याची ‘मॉपी’ नावाची बोट १९६० मध्ये मायामी ते नासाऊ ही खवळलेल्या समुद्रावरची शर्यत जिंकून गेली आणि ती पट्टी वेगवान बोटींच्या तळाला कायमची चिकटली. पाँटूनवाल्यांनी तीच पट्टी उसनी घेतली. उसनवारीत एक फरक राहिला, आणि बहुतेक मतभेद तिथूनच निघतात. हंटच्या बोटीचा तळ सपाट पृष्ठांचा होता, पाँटूनचा तळ गोल आहे.

गोल पोटाची खोड

नळाच्या धारेला चमच्याची फुगीर पाठ लावून पाहा. धार चमच्याला ढकलत नाही, उलट आत ओढते, आणि पाठीच्या वळणाबरोबर वाकून भलत्याच दिशेला उडते. पाँटूनच्या नळकांड्याला वेगात हेच होते. पाणी फुगीर पृष्ठभाग धरून वर चढत जाते, वळता वळता खालच्या बाजूला ओढ निर्माण करते, आणि बोट वर यायच्या ऐवजी जागीच रुतून राहते. विमाने पाण्यावर उतरवू पाहणाऱ्यांनाही गेल्या शतकाच्या सुरुवातीला हाच अनुभव आला. गोल तळ पाणी सोडेना, तेव्हा त्यांनी तरंगकांना कंगोरे आणि पायरी दिली.

स्ट्रेकचे पहिले काम या कंगोऱ्याचे. वर चढणारे पाणी तो धारेवर तोडतो आणि खाली-बाहेर फेकतो. दुसरे काम उचलण्याचे. पट्टीची खालची बाजू पाण्याला तिरपी किंवा सपाट भेटते, पाणी खाली ढकलले जाते, त्याची प्रतिक्रिया बोटीला वर मिळते. बोट वर आली की भिजणारा पृष्ठभाग घटतो आणि घर्षण कमी होते.

आकडे मांडून पाहिले तर चित्र स्पष्ट होते. समजा नळकांडी २५ इंच म्हणजे ६३.५ सेंटिमीटर व्यासाची आणि २४ फूट, म्हणजे ७.३ मीटर लांब आहेत. एकाचे आकारमान सुमारे २.३ घनमीटर. टोकांचा निमुळतेपणा सोडून दिला तर दोन्ही अर्धी बुडाली असताना २.३ टन वजन तोलतात. माच, आसने, इंजिन, इंधन आणि दहा माणसे मिळून साधारण दोन टनांच्या आसपास जातात, म्हणजे नळकांडी निम्म्याच्या जवळपास पाण्यात. भिजलेला पृष्ठभाग दोन्ही मिळून साडेचौदा चौरस मीटर.

आता प्रत्येक नळकांड्याला दोन्ही बाजूंनी पाच-पाच मीटरची पट्टी लावली आणि पट्टीच्या दोन उघड्या बाजू दहा-दहा सेंटिमीटरच्या धरल्या, तर झाकल्या गेलेल्या भागाची वजावट करूनही दोनेक चौरस मीटरची भर पडते. बोट हळू चालत असेल तेव्हा ती भर सगळीच्या सगळी पाण्यात असते. घर्षण तेवढ्या प्रमाणात, सातवा-आठवा हिस्सा, वाढते. उचल मात्र वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात मिळते. ताशी १५ किलोमीटरला एखाद्या पट्टीसंचाने ५० किलो उचलले असे मानले, तर तिरपेपणा तोच राहिल्यास ३० ला २०० किलो आणि ४५ ला ४५० किलो. दोन टनांच्या बोटीला ५० किलोची उचल जाणवतही नाही, साडेचारशेची जाणवते. तोटा पहिल्या मीटरपासून आहे, नफा काही वेगानंतर सुरू होतो. हे एवढे ध्यानात ठेवले तर पुढच्या बऱ्याच मतभेदांचा उलगडा आपोआप होतो, कारण बोलणारे बहुधा वेगवेगळ्या वेगाबद्दल बोलत असतात.

लाटांचे गणित याच्या जोडीला आहे. बोट पाण्यातून जाताना स्वतःची लाट उभी करते आणि वेग वाढला की ती लाट बोटीएवढी लांब होते; मग बोट आपल्याच लाटेचा चढ चढत राहते. इंग्लंडमध्ये विल्यम फ्रूड यांनी १८७० च्या दशकात टाकीत छोट्या प्रतिकृती ओढून या नियमाला आकडे दिले. ७.३ मीटरच्या अंगाला ही पायरी ताशी १२ किलोमीटरच्या आसपास येते. सडपातळ नळकांडी ती पार करू शकतात, पण इंजिनाची बरीच ताकद तिथे खर्ची पडते.

कोण काय म्हणते

पट्टीचे समर्थक प्रामुख्याने कारखानदार आणि मोठ्या इंजिनाचे मालक आहेत. त्यांचे म्हणणे असे: पुरेसे इंजिन असेल तर पट्टीमुळे कमाल वेग वाढतो, बोट लवकर वर येते, पाणी माचेखाली उसळत नाही आणि वळताना बोट घट्ट राहते. पट्टीबरोबर माचेखाली अॅल्युमिनियमचा सपाट पत्राही मारतात. माचेखालच्या आडव्या आधारांवर पाणी आदळून जो खडखडाट आणि रोध होतो तो त्याने थांबतो. पट्टी आणि पत्रा बहुधा एकदमच बसवले जातात, त्यामुळे सुधारणेचे श्रेय कोणाचे हे नंतर सांगता येत नाही, असा एक रास्त आक्षेप यावर आहे.

दुसरा पक्ष तिसऱ्या नळकांड्याचा. मध्ये आणखी एक नळकांडे टाकले की तरंगशक्ती दीडपट होते, बोट उथळ बसते, आणि मधले नळकांडे थोडे खाली किंवा मोठे ठेवले तर वळताना बोट बाहेर न झुकता आत झुकते, जशी सायकल झुकते. मॅनिटू कंपनीने खाली बसवलेल्या मधल्या नळकांड्यावर आपली ओळख उभी केली, बेनिंग्टनने मधले नळकांडे लंबगोल आणि मोठे केले. या पक्षाच्या मते दोन नळकांड्यांच्या बोटीला पट्टी लावणे हा अर्धवट उपाय आहे. वेग हवा तर तिसरे घ्या, मग पट्टी त्याला लावा. अमेरिकेत तीन नळकांड्यांच्या बोटींनी शर्यतीत ताशी १०० मैलांचा टप्पा ओलांडलेला आहे. निवांत बसण्यासाठी जन्मलेल्या बोटीचे हे पुढचे आयुष्य पाहून वीरेस यांना काय वाटले असते कोण जाणे. शिवाय तिसऱ्या नळकांड्यामुळे वजन, किंमत आणि किमान लागणारे इंजिन तिन्ही वाढतात, ही या पक्षाची दुबळी बाजू.

तिसरे म्हणणे मेकॅनिकांचे, आणि ते ऐकायला सर्वांत रुक्ष आहे. त्यांच्या अनुभवात संथ पाँटूनची कारणे बहुधा पट्टीच्या आधीची असतात. इंजिन फार खोल टांगलेले, पंख्याच्या पात्यांचा कल (पिच) चुकलेला, वजन सगळे पिछाडीला, नळकांड्याच्या एखाद्या कप्प्यात शिरलेले पाणी, पोटाला साचलेले शेवाळ. हे सगळे निस्तरल्याशिवाय पट्टी वेल्ड करणे म्हणजे हवा कमी असलेल्या गाडीला नवे इंजिन बसवण्यासारखे, असे ते सांगतात. या म्हणण्याला विरोध असा कोणी करत नाही. फक्त ते ऐकून कोणी नवी वस्तू विकत घेत नाही.

चौथा प्रवाह अगदी उलट दिशेने येतो, आणि त्याचे उत्तम नमुने आपल्या देशात आहेत. केरळमध्ये जानेवारी २०१७ पासून वैक्कम ते तवणक्कडवू या फेरीवर ‘आदित्य’ ही सौर बोट चालते. दोन पातळ अंगांची, २० मीटर लांब, ७५ प्रवाशांची. तिला वीस-वीस किलोवॅटच्या दोन मोटारी पुरतात आणि कमाल वेग ताशी १४ किलोमीटरच्या आसपास. एप्रिल २०२३ मध्ये सुरू झालेल्या कोची वॉटर मेट्रोच्या अॅल्युमिनियमच्या जोडबोटींचाही रोख साधारण हाच आहे. ९० अश्वशक्ती म्हणजे ६७ किलोवॅट. एवढी ताकद पट्टीवाली पाँटून दहा-बारा माणसांवर खर्च करते. या प्रवाहाचे म्हणणे असे की बोट पाण्याबाहेर उचलायचा हव्यास सोडा, तिची अंगे लांब आणि पातळ करा. मग लाटच लहान उठते आणि वेगाची ती पायरी जवळजवळ सपाट होते. या बोटींवर पट्टीला काही काम नाही.

चौघांचेही म्हणणे आपापल्या वेगापुरते बरोबर आहे, असे मला वाटते. ताशी १५ किलोमीटरच्या खाली चौथा प्रवाह निर्विवाद पुढे आहे. ३० च्या वर पहिले दोन. मधला पट्टा मात्र खरोखर धूसर आहे, आणि आपल्याकडच्या पर्यटन बोटींची मागणी नेमकी तिथेच पडते.

आतून की बाहेरून

पट्टी लावायची ठरल्यावर ती नळकांड्याच्या कोणत्या अंगाला, यावर स्वतंत्र चर्चा आहे आणि ती तांत्रिकदृष्ट्या सर्वांत रंजक आहे.

आतल्या बाजूचे समर्थक सांगतात की दोन नळकांड्यांच्या मध्ये दोन्हीकडचे पाणी एकमेकांवर येऊन उंचावते. ते माचेला भिडते तेव्हा रोधही होतो आणि आवाजही. आतली पट्टी ते दाबून ठेवते. शिवाय बोट काठाला, धक्क्याच्या पायरीला किंवा दगडाला घासते ती बाहेरच्या अंगाने, तेव्हा आतली पट्टी सुरक्षित राहते.

बाहेरच्या बाजूचे समर्थक वळणाकडे बोट दाखवतात. दोन नळकांड्यांची बोट वेगात वळली की बाहेरच्या अंगाला झुकते आणि तिकडचे नळकांडे खोल जाते. त्याच्या बाहेरच्या पट्टीला त्या वेळी जास्त उचल मिळते आणि झुकणे सावरते. याला उत्तर असे दिले जाते की तीच पट्टी आडव्या सरकण्याला अडवते. बोट सफाईने घसरायच्या ऐवजी धक्के घेत वळते, आणि उभ्या प्रवाशांना ते धोक्याचे. दोन्ही निरीक्षणे खरी असू शकतात. वजन कुठे बसले आहे, वळण किती तीव्र आहे यावर कोणते वरचढ ठरेल ते अवलंबून असते.

तीन नळकांड्यांच्या बोटीवर बहुतेकांचा एक तोडगा रूढ झाला आहे: मधल्याला दोन्ही बाजूंनी आणि कडेच्या दोघांना आतून. मधल्या नळकांड्याच्या पट्ट्या पिछाडीपर्यंत नेत नाहीत, थोड्या आधीच थांबवतात. नाहीतर पट्टीने हवा मिसळून फेसाळलेले पाणी थेट पंख्यावर जाते आणि पंखा नुसताच फिरतो.

पट्टी पोकळ आणि पूर्ण बंद असावी की नुसता वाकवलेला पत्रा, हाही प्रश्न आहेच. बंद पट्टी ताठ असते, पण तिच्या सांध्यात चीर गेली की पाणी भरते आणि वर्षभर कोणाला पत्ता लागत नाही. उघड्या पट्टीत पाणी ये-जा करते आणि ती वाकायचा संभव जास्त. नव्या बोटीला कारखान्यातच पट्टी लागते तेव्हा हे प्रश्न हाताळता येतात. जुन्या बोटीला मागाहून लावताना दोन-तीन मिलिमीटर जाडीच्या पत्र्यावर मीटरच्या मीटर आर्गन वेल्डिंग करावे लागते. उष्णतेने पत्रा ओढला जातो, वेल्डच्या कडेला त्याची मजबुती घटते, आणि कप्पा अजून हवाबंद आहे का हे हवेचा दाब देऊन पुन्हा तपासावे लागते. मालेगावसारख्या गावात पत्रा आणि वेल्डिंगचे कसब गल्लोगल्ली आहे. मागाचा सुटा भाग घरी घडवणाऱ्या हातांना पट्टी वाकवणे अवघड नाही. दाबाची तपासणी मात्र त्या कसबाचा भाग नसते, आणि बोटीत तीच निर्णायक असते.

आपल्या पाण्यावर

इथपर्यंतची चर्चा बहुतेक अमेरिकी तळ्यांवर झालेली आहे. ती आपल्या धरणांवर आणताना तीन गोष्टी बदलतात.

पहिली, भार. ८ ऑगस्ट २०१९ रोजी पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला पुरातून लोकांना काढणारी बोट उलटली आणि १७ जणांचा जीव गेला. बोटीत तिच्या ताकदीपेक्षा जास्त माणसे होती. २१ मे २०२४ रोजी उजनीत कुगाव ते कळाशी या फेरीतली बोट वादळी वाऱ्यात उलटून सहा जण बुडाले. लागलीच २३ मे रोजी प्रवरेत सुगावजवळ शोधकार्याला उतरलेली राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची बोट उलटली आणि धुळ्याच्या तुकडीतल्या जवानांचा मृत्यू झाला. तिन्ही घटना वेगळ्या आहेत, त्यांची कारणेही वेगळी आहेत. पण आपल्याकडे बोटीची परीक्षा कुठे होते हे त्यांतून दिसते: गर्दी, अचानक सुटलेला वारा, भोवऱ्याचे पाणी. पट्टीची उचल चालत्या बोटीला मिळते. थांबलेल्या, भरलेल्या बोटीला ती एक किलोही वर धरत नाही. वेगात हलकी वाटणारी बोट थांबल्यावर आहे तेवढीच जड असते, आणि म्हणून पट्टी लावली तर जास्त माणसे बसतील, हा समज कुठे मूळ धरत असेल तर तो आधी खोडला पाहिजे. इथे मतभेदाला जागाच नाही.

दुसरी, खोली. मार्च-एप्रिलनंतर आपल्या धरणांचा फुगवटा आकसतो आणि काठाकडे बोटी दोन-चार मीटर पाण्यात चालतात. उथळ पाण्यात लाटेच्या वेगाला खोलीची मर्यादा असते. दोन मीटर पाण्यात ती ताशी १६ किलोमीटरच्या जवळ येते, चार मीटरला साडेबावीसच्या. बोट त्या वेगाच्या आसपास गेली की रोध एकदम वाढतो, पिछाडी खाली बसते. तो वेग ओलांडला की पुन्हा सुटका. म्हणजे खोल पाण्यात घेतलेले पट्टीचे मोजमाप उन्हाळ्यातल्या गिरणा धरणाच्या काठाला लागू पडेलच असे नाही. बुडालेली झाडे, जुन्या विहिरींचे कठडे, पात्रातले खडक वर येतात तेही याच दिवसांत, आणि नळकांड्याच्या पोटाला बाहेर आलेली कोणतीही पट्टी त्यांत अडकायला एक कारण जास्त.

तिसरी, काम. माणसे-दुचाक्या नेणारा तराफा, पिंजऱ्यातल्या माशांना खाद्य पोचवणारी बोट, पर्यटकांची फेरी आणि पुरातली सुटका ही चार वेगळी कामे आहेत. पहिल्या दोघांना वेगाची गरज नाही. पर्यटक-फेरीत वेग हे आकर्षण असते, पण इंधनाचा खर्च चालकाच्या डोक्यावर. पट्टीचा खरा विचार चौथ्या कामात करावा लागतो. आपत्ती दलांच्या रबरी बोटी म्हणजे एक प्रकारे हवा भरलेल्या दोन नळकांड्यांचीच रचना असते. त्यांच्या फुग्यांच्या पोटालाही पाणी तोडणाऱ्या रबरी पट्ट्या देतात आणि रिकामी बोट घटनास्थळी लवकर पोचावी म्हणून त्या उपयोगी पडतात. परतताना तीच बोट भरलेली आणि सावकाश असते. जाताना पट्टी साथ देते, येताना ती फक्त ओझे होते. सुटकेच्या कामात जाण्याचा वेळ महत्त्वाचा की येण्याचा तोल, याचे एकच उत्तर नाही.

कायद्याची बाजू इथे थोडक्यात. १९१७ च्या जुन्या कायद्याच्या जागी अंतर्देशीय जलयान कायदा २०२१ मध्ये आला आणि यांत्रिक बोटींची नोंदणी व तपासणी देशभर एका चौकटीत आणायचे ठरले. महाराष्ट्रात हे काम सागरी मंडळाकडे आहे. तपासलेल्या बोटीच्या तळाशी मागाहून पट्ट्या वेल्ड केल्या, तर ती तपासलेली बोट राहते का? मोठा बदल झाला की पुन्हा तपासणी हवी, हे तत्त्व सरळ आहे. पट्टी हा मोठा बदल मानायचा की दुरुस्ती, हे व्यवहारात ठरायचे आहे.

जे सुटलेले नाही

सर्वांत मोठी उणीव मोजमापाची आहे. घसरत्या तळाच्या बोटींसाठी डॅनियल सवित्स्की यांनी १९६४ मध्ये दिलेली सूत्रे आजही रचनाकारांच्या हाताशी असतात, पण ती सपाट पृष्ठांच्या तळासाठी आहेत. गोल नळकांडे, त्यावर अरुंद पट्टी, दोन नळकांड्यांमधली लाट आणि वरून माच, या सगळ्याला ती जशीच्या तशी बसत नाहीत. संगणकावरच्या प्रवाह-गणिताने ही दरी भरता येते, परंतु कारखाने असे निष्कर्ष आपल्यापाशी ठेवतात. बाहेर येतात ते कमाल वेगाचे आकडे. एक माणूस, अर्धी टाकी, वारा नाही, अशा स्थितीतला कमाल वेग हा पर्यटन चालकाच्या उपयोगाचा आकडा नव्हे. त्याला पूर्ण भारावर ताशी २० किलोमीटरला लिटरमागे किती अंतर कापले जाते ते हवे असते, आणि नेमका तो आकडा क्वचितच दिला जातो.

अशी चाचणी अवघड नाही. तीच बोट, तेच इंजिन, वाळूच्या गोण्यांनी ठरवलेला भार, दोन्ही दिशांनी फेऱ्या, उपग्रहावरून वेग, इंधनाचे मीटर. एकदा पट्टीशिवाय, एकदा पट्टीसह, आणि पत्रा असल्यास तो वेगळा मोजून. पावसाळ्यानंतर भरलेल्या धरणात आणि मे महिन्यात आटलेल्या धरणात ती दोनदा केली तर खोलीचा प्रश्नही निकाली निघेल. खडगपूर आणि चेन्नईच्या आयआयटींमध्ये नौकारचनेचे विभाग आहेत, प्रतिकृती ओढायच्या टाक्या आहेत. धरणे आपल्याकडे आहेत.

दुसरा न सुटलेला मुद्दा विजेच्या मोटारींचा. बॅटरी जड असते आणि तिच्यातली प्रत्येक युनिट मोलाची. म्हणून आतापर्यंत सगळे शहाणपण पातळ अंगांच्या संथ बोटीकडे झुकलेले आहे. बॅटऱ्या हलक्या झाल्या तर मधल्या वेगपट्ट्यात पट्टी पुन्हा हिशेबात येईल, की पाण्याखालच्या पंखांवर सबंध बोट उचलणाऱ्या रचना तिची जागा घेतील, यावर रचनाकारांत एकवाक्यता नाही. पाण्याखालचे पंख उथळ, झाडाझुडपांनी भरलेल्या धरणात चालणार नाहीत हे उघड आहे. पट्टी निदान गाळात रुतली तरी तुटत नाही.

तिसरा मुद्दा वळणाचा, ज्याचा निकाल आतल्या-बाहेरच्या पट्टीच्या चर्चेत लागला नाही. दोन नळकांड्यांच्या बोटीवर प्रवासी उभे असताना, बाजूने वारा असताना, अर्ध्या वेगात अचानक वळावे लागले तर पट्टी असलेली बोट किती अंशांनी झुकते आणि नसलेली किती, याची तुलना सुरक्षिततेच्या दृष्टीने कमाल वेगापेक्षा कितीतरी महत्त्वाची आहे. उजनी, शिवसागर किंवा गिरणा धरणावर पट्टीची परवानगी मागायला कोणी आले, तर तपासणाऱ्याने पहिल्यांदा हाच कागद मागावा. सध्या तो कोणापाशीच नसतो.